शेपटी मिठाची, काम पाण्याचं

(सांगलीत महाविद्यालयीन विद्यार्थी आणि नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. बर्फाच्या डब्यातून काढलेली ही बाटली पहिल्या रांगेत देतो. आत पाण्यासारखं पातळ द्रावण आहे. हातात धरा, थोडी ऊब द्या आणि पुढे सरकवा. मागच्या रांगेपर्यंत पोचली की तिच्याकडे वळू.

तासगाव, कवठेमहांकाळकडचे बागायतदार समोर दिसतायत, तेव्हा सुरुवात बेदाण्यापासून करतो. द्राक्षं शेडवर टाकण्याआधी तुम्ही ती डीपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवता. ते पाणी दुधासारखं पांढरं होतं, कारण तेल बारीक थेंबांनी पाण्यात पसरलेलं असतं. हे तेल मण्यावरच्या मेणाच्या थरात शिरतं आणि आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट करून देतं. म्हणून बेदाणा लवकर वाळतो. पण तेलाचे थेंब पाण्यात धरून कोण ठेवतं? दोन स्वभावांचे रेणू. त्यांच्या डोक्याला पाणी हवं असतं आणि शेपटीला नको असतं. शिकेकाईत तेच, साबणात तेच.

असे रेणू पाण्यात एकेकटे टाकले तर आधी पृष्ठभागावर गर्दी करतात. तिथली जागा भरली की ठरावीक प्रमाणानंतर पाण्याच्या पोटात गोळे करू लागतात. शेपट्या आत, डोकी बाहेर. या गोळ्याला मायसेल म्हणतात. साबणाचे रेणू पाण्यात गट करून राहतात, ही कल्पना जेम्स मॅकबेन यांनी १९१३ च्या सुमारास मांडली. डिटर्जंटमधलं सोडियम डोडेसिल सल्फेट घेतलं, तर साधारण ६० रेणूंचा एक गोळा होतो, आणि तो एका लिटरमध्ये सुमारे ८ मिलिमोल (रेणूंची संख्या मोजायचं माप) एवढं प्रमाण झाल्यावर दिसू लागतो.

आता मिठाकडे या. रसायनात मीठ म्हणजे धन आणि ऋण भाराच्या कणांची, आयनांची, जोडी. खायचं मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं. पॉल वाल्डेन यांनी १९१४ साली एथिलअमोनियम नायट्रेट हे मीठ अवघ्या १२ अंशांना वितळतं, असं नोंदवलं. सारख्या आकाराच्या विटांची भिंत घट्ट बसते, वेड्यावाकड्या दगडांची बसत नाही, तसंच इथे आहे. आयन मोठे, बेढब असले की स्फटिकात त्यांची घट्ट मांडणी होत नाही, म्हणून मीठ लवकर वितळतं. १०० अंशांखाली वितळणाऱ्या मिठांना आज आपण आयनी द्रव म्हणतो. त्यातल्या एखाद्या धन आयनाला, समजा इमिडॅझोलियमला, १२ कार्बनची शेपटी जोडली, की ते मीठ पाण्यात साबणासारखंच वागतं, मायसेल करतं. शेपटी एका कार्बननं वाढवली की मायसेल होण्यासाठी लागणारं प्रमाण साधारण निम्म्यावर येतं.

इथे जरा थांबतो, कारण मला आज जे सांगायचं आहे ते इथेच आहे. पुस्तकात लिहितात, शेपट्या एकमेकींना ओढून घेतात. ही ओढ आहे, पण फार कमी. खरं काम पाणी करतं. शेपटीभोवतीच्या पाण्याच्या रेणूंना आपापले बंध टिकवायला एका ठरावीक मांडणीत, बांधल्यासारखं उभं राहावं लागतं. शेपट्या एकत्र आल्या की हे पाणी मोकळं होतं. रेणूंची रचना नीट लागते ती पाण्याला मोकळीक मिळते म्हणून. विद्यार्थ्यांनी हे मनात पक्कं धरावं. आपण रचना बघत बसतो आणि तिच्याभोवतीचं पाणी विसरतो.

पॉलिमर, म्हणजे लहान रेणू जोडून झालेली लांब साखळी, आला की गंमत वाढते. पॉलिएथिलीन ऑक्साइडची लांब साखळी पाण्यात टाका आणि त्यात सोडियम डोडेसिल सल्फेट मिसळा. ८ मिलिमोलच्या बरंच आधी, साधारण ४ ते ५ मिलिमोलला, साखळीवर गोळे जमू लागतात, दोऱ्यात मणी ओवावेत तसे. गोळ्याच्या पृष्ठभागावर तेलकट भाग थोडा उघडा राहतो, साखळी तिथे टेकते, म्हणून गोळा लवकर जमतो.

काही पॉलिमर तर स्वतःच दोन स्वभावांचे असतात. पोलॉक्सॅमरच्या मधल्या भागाला पाणी नको असतं, दोन्ही टोकांना हवं असतं. त्यात लांब शेपटीचं आयनी द्रव घातलं की ते पॉलिमरच्या गोळ्यात शिरतं. गोळ्याला विद्युतभार मिळतो, भार एकमेकांना ढकलतात, आणि प्रमाण वाढवत गेलं की मोठा गोळा फुटून लहान पुंजके होतात. हे डोळ्यांना कधीच दिसत नाही. प्रमाण वाढवत द्रावणाची वाहकता, म्हणजे वीज वाहून नेण्याची क्षमता, मोजा, आलेखाची तिरपी रेघ जिथे वळते तिथे मायसेल सुरू होतात, आणि हे साध्या कंडक्टिव्हिटी मीटरवर बी.एस्सी.ला जमतं. आतला आकार पाहायचा तर न्यूट्रॉन उपयोगी पडतात. त्यासाठी ट्रॉम्ब्याच्या 'ध्रुव' अणुभट्टीत सोय आहे. साध्या आणि जड पाण्यात (यात हायड्रोजनचे जड अणू असतात) न्यूट्रॉन वेगळे विखुरतात, त्यामुळे गोळ्याचा कुठला भाग दिसावा हे निवडता येतं.

हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, पण मायसेलच्या पोटात बसतं. औषधवाल्यांचं लक्ष तिकडे आहे.

आणखी एक गोष्ट आग्रहानं सांगतो. आयनी द्रवांना सरसकट 'हरित द्रावक' म्हणायची पद्धत पडली आहे. त्यांची वाफ जवळजवळ होत नाही, हवा वाचते, हे खरं. पण पाण्याचं काय? पेशीचं पटल हेसुद्धा अशाच दोन स्वभावांच्या रेणूंनी बनलेलं असतं. जी शेपटी मायसेल करते तीच पटलात घुसते, आणि शेपटी लांबत जाते तसा सूक्ष्मजीवांना, शेवाळाला होणारा अपाय साधारणपणे वाढतो. कृष्णेचं पाणी पिणाऱ्या माणसाला हा शब्द असा मोकळा वापरलेला मला चालत नाही.

बाटली पोचली का मागे? झाकण काढून उलटी करा. घाबरू नका, सांडणार नाही. हा पोलॉक्सॅमर ४०७, पाण्यात साधारण २० टक्के. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हा उलटा आहे. तापला की मधला भाग पाण्याला नकोसा होतो, गोळे होतात आणि पेटीत मोसंबी रचावी तसे एकमेकांना चिकटून बसतात, म्हणून हातांच्या उबेनं द्रावण घट्ट झालं. आता झाकण लावा आणि ती परत बर्फात ठेवा. दहा मिनिटांनी पुन्हा वाहायला लागेल, बघूनच घरी जा.