नंदीले हात नाईत

माईक थोडा खाली करा बाप्पा, माझी उंची पाहून लावा ना. हां, आता ठीक.

तर मला सांगितलं होतं बालशिक्षणावर बोला म्हणून, पण आज तान्हा पोळा, लहान पोट्ट्यांचा पोळा, बाहेर पोट्टे लाकडी बैल, म्हणजे नंदी, घेऊन उभे आहेत, त्यांना बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे पाहिजे, आणि मी इथे बालशिक्षण बालशिक्षण करत बसले तर ते आतच घुसतील. म्हणून मी खेळण्यांवर बोलते. अंगणवाडीतली खेळणी रात्री काय करतात त्यावर. हसू नका, 31 वर्षं अंगणवाडी चालवली मी, आणि हे सगळं मला पोट्ट्यांनीच सांगितलेलं आहे.

एक वर्षी आम्हाला खेळण्यांचं किट मिळालं. कपड्याची बाहुली, ठोकळे, ओवायचे मणी, खुळखुळा, असं. गावातल्या सुतारानं चाकांचा लाकडी नंदी दिला होता तोही त्यातच ठेवला. आणि मी काय केलं, तर सगळं लोखंडी कपाटात टाकून कुलूप लावलं. कारण साठा रजिस्टर! तपासणीत एक ठोकळा कमी निघाला तर आपल्या मानधनातून कापतील, असं आम्ही सगळ्या एकमेकींना सांगायचो. कोणाचं कधी कापलं ते मी पाहिलं नाही, पण भीती पक्की होती. दीड वर्ष त्या बाहुलीवरची पन्नी निघाली नाही. पोट्टे कपाटाच्या फटीला डोळा लावायचे अन मी म्हणायची चला, गाणं म्हणा. आज सांगताना लाज वाटते.

मे महिन्याची गोष्ट, एक चार वर्षांची पोट्टी, घर अंगणवाडीला लागूनच, उन्हाळ्यात आपण अंगणात बाजेवर झोपतो तशी तेही लोक झोपायचे, ती सकाळी येऊन म्हणते, "बाई, रातच्याले तुमच्या कपाटात कोणी उठते." मी म्हटलं उंदीर असंल. "नाई, उंदीर खुडखुड करते, हे टक टक करते." आता मला माहीत होतं टक टक कशाची ते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, टिनाचे पत्रे दिवसभर तापून पसरतात, रात्री थंड होताना आखडतात, खिळ्याजवळ ताण येतो अन आवाज होतो. मी तिला हे सगळं नीट समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, अन म्हणे, "हो, टिन वाजते. पण ते त्याईले उठवाले वाजते."

आता यावर काय बोलणार.

मग रोज नवीन काहीतरी यायला लागलं. बाकीच्या पोट्ट्यांनीही हात घातला. पहिला मोठा प्रश्न, ही खेळणी बाहेर जातात कशी? त्यावर तिचं उत्तर मला आजही तोंडपाठ आहे: "नंदीले चाकं हायेत पण हात नाईत. बाहुलीले हात हायेत पण चालता येत नाई. मंग बाहुली कडी काढते अन नंदीवर बसते." म्हणजे दोघांपैकी एकटं कोणीच कपाटाबाहेर जाऊ शकत नाही. दोस्ती म्हणजे काय ते मला कोणत्याच ट्रेनिंगमध्ये इतकं स्वच्छ कोणी सांगितलं नव्हतं. खुळखुळ्यावरून मात्र मोठं भांडण झालं. एक पोट्टा म्हणे त्याले नेऊ नाई, तो वाजते, सगळं गाव उठते. दुसरा रडायलाच लागला, त्याला एकट्याला कपाटात कसं ठेवायचं. शेवटी असं ठरलं की बाहुलीनं त्याला पोटाशी घट्ट धरायचं, मग तो वाजत नाही. दोन दिवस लागले हे ठरायला, अन मी मध्ये बोलले नाही, ते एक काम मी बरं केलं.

पियाजे म्हणून स्वित्झर्लंडचे मोठे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. ते म्हणतात साधारण दोन ते सात वर्षांचं लेकरू निर्जीव वस्तूतही जीव पाहतं. बरोबर आहे. पण मग दसऱ्याला नांगर-वखराला हळदकुंकू लावणारा माणूस किती वर्षांचा धरायचा? अन पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण बैलाच्या कानात काय सांगतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैल जित्ता आहे, मान्य, पण त्याला मराठी कुठं येते. तान्हा पोळा तर सगळा लाकडाच्याच बैलांचा. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 साली सुरू केला असं सांगतात, तेव्हापासून आपण मोठी माणसं लाकडी बैलाला ओवाळून त्याच्या मालकाच्या हातावर पैसे ठेवतोच ना.

असो. त्या पोट्टीकडे येते.

हरभऱ्याच्या दिवसात मी सहज विचारलं, हे तिघं रात्री जातात कुठं? बाकीचे म्हणे जत्रेत, मामाच्या गावाला, एक म्हणे एसटीत. ही म्हणे, "वावरात." कावून वं? "माया बाप जागलीले जाते न. डुकरं येते. थो एकटाच रायते." तिचा बाप रोज रात्री टॉर्च अन डबडं घेऊन मचाणावर बसायचा हे सगळ्या गावाला माहीत होतं, पण ती चार वर्षांची पोर रात्रभर काय विचार करत असेल हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं. मी विचारलं, तिथं जाऊन करतात काय? "काई नाई. बाजूले बसते. डुक्कर आलं का खुळखुळा वाजवते."

म्हणजे ज्याला वाजतो म्हणून न्यायचं नव्हतं, त्याला तिनं कामाला लावलं होतं.

त्या दिवशी मी कुलूप काढलं. बालशिक्षणाचं मोठं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांचं नाव आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं, 1945 ला बोर्डीला काम सुरू केलं, शंख-शिंपले, बिया, दगड, आजूबाजूला जे मिळेल त्यातून लेकरांचं साहित्य केलं. बाई काही काळ आपल्या अमरावतीलाही राहिलेल्या. मी पेपरात हे उत्तर लिहून पास झालेली, अन कपाटाची चावी माझ्या पदराला.

खेळणी अर्थातच तुटली. महिनाभरात मणी गेले, नंदीचं एक चाक निखळलं, ते सुतारानं परत ठोकलं पण तिरपं, त्यामुळे तो ओढला की गोल फिरायचा. खुळखुळ्याला भेग पडली तर पोट्ट्यांनी चिंधी गुंडाळली. बाहुली नंदीवरून पडते म्हणून कोणीतरी नाड्यानं करकचून बांधून टाकली.

रिटायर झाले तेव्हा चार्ज द्यायचा होता. मोजायला आलेला माणूस भला होता बिचारा, रजिस्टर पाहून म्हणे, बाई, नोंदी दोन आहेत, बाहुली एक अन नंदी एक, मग हे सोडून वेगवेगळं दाखवा. मी गाठ सोडायला गेले तर सुटेना, इतक्या वर्षांची गाठ, नाडा काळा पडलेला. तो म्हणे कात्री आणू का? मी म्हटलं राहू द्या, दोन लिहा अन असंच ठेवा. त्यानं लिहिलं: बाहुली 1, नंदी 1. अन पुढे कंसात, "सोबत".

बरं, बाहेर आवाज वाढला पहा. सुट्टे काढा सगळ्यांनी, अन दहाची नोट द्या, दोन रुपयांत नंदी हलत नाही आता.