उबंटू २२.०४ वरून २४.०४: अपग्रेड कुठे अडतं आणि का

[कॅमेऱ्यासमोर]

नमस्कार मंडळी!

उबंटू २२.०४ चालवताय, २४.०४ वर जायचंय, पण 'रीस्टार्टनंतर काळी स्क्रीनच आली' असं कुणाकडून तरी ऐकून हात थांबलाय? मग हा व्हिडिओ तुमच्यासाठी.

उबंटूच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून, म्हणजे अधिकृत सॉफ्टवेअर साठ्यातून, आलेलं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा बिनबोभाट पुढे जातं. अडतं ते आपण बाहेरून आणून बसवलेलं: पीपीए (इतरांनी चालवलेले सॉफ्टवेअर साठे), ग्राफिक्स ड्रायव्हर, ग्नोम या डेस्कटॉपची एक्स्टेन्शन्स, पिपने (पायथनच्या इन्स्टॉलरने) टाकलेल्या लायब्ररी, ॲपइमेज (एकाच फाइलमध्ये मिळणारी ॲप्स). म्हणून अपग्रेडआधीचा एक तास खऱ्या अपग्रेडपेक्षा मोलाचा आहे. आज जास्त वेळ तिथेच घालवू.

घाईचं काहीच कारण नाही. २२.०४ ला २०२७ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. २४.०४ आली एप्रिल २०२४ मध्ये, पण २२.०४ वाल्यांसाठी थेट वाट मोकळी झाली ती ऑगस्टअखेर, २४.०४.१ बरोबर. तीही अपग्रेडरमधल्या एका गंभीर बगमुळे लगेच थोडे दिवस बंद ठेवावी लागली. त्यामुळे कुठलीही नवी एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती, आली की थेट वाट उघडायच्या आधीच अपग्रेडच्या कमांडला 'डॅश डी' जोडून पहिल्याच आठवड्यात घुसू नका, निदान रोजचं काम असलेल्या मशीनवर तरी नाही.

[स्क्रीनवर: टर्मिनल]

आता तयारी. बॅकअप आधी: होम फोल्डर बाहेरच्या डिस्कवर, आणि सिस्टिमचा स्नॅपशॉट टाइमशिफ्ट या टूलने. टाइमशिफ्ट होम फोल्डर मुळात धरत नाही, म्हणून ही दोन कामं वेगवेगळी करायची. मग 'सुडो एपीटी अपडेट', 'सुडो एपीटी फुल-अपग्रेड' आणि रीस्टार्ट. बाकी राहिलेले अपडेट असतील तर अपग्रेडर पुढे जाऊच देत नाही.

पुढची कमांड: 'डीएफ डॅश एच स्लॅश बूट'. बूटमध्ये किती जागा मोकळी आहे ते कळतं. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल, तर बूटचं पार्टिशन वेगळं असतं आणि जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये ते लहान असतं. प्रत्येक कर्नेलबरोबर (कर्नेल म्हणजे सिस्टिमचा गाभा) सुरू होताना लागणारी एक इनिट-आरडी फाइल तिथे बसते, आणि ती एकटीच अनेकदा शंभर एमबीच्या वर जाते. तीन-चार कर्नेल साठले की जागा संपली. 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह डॅश डॅश पर्ज' चालवा, जुने कर्नेल जातील. बूटमधल्या फाइल हाताने मात्र डिलीट करू नका. पॅकेज मॅनेजरच्या हिशोबात तो कर्नेल असतोच, त्यामुळे पुढच्या अपडेटला ती फाइल परत तयार होते आणि तुम्ही होता तिथेच राहता.

आता पीपीए. अपग्रेडर बाहेरचे सगळे सोर्स आपणहून बंद करतो, पण तिथून आधीच आलेली पॅकेजं सिस्टिममध्ये तशीच राहतात. त्यांच्या आवृत्त्या उबंटूच्या पुढच्या असतील, तर अवलंबनांचं गणित सुटत नाही आणि 'अपग्रेडचा हिशोब करता आला नाही' अशा अर्थाची एरर येते. उपाय आहे 'पीपीए-पर्ज'. तो पीपीए काढतो आणि पॅकेज उबंटूच्या मूळ आवृत्तीवर परत आणतो. ग्राफिक्सचे मेसा वगैरे पीपीए असतील, तर हे कराच. जोडीला 'एपीटी-मार्क शोहोल्ड' बघा. एखादं पॅकेज कधीतरी रोखून ठेवलेलं असतं आणि आपण ते विसरलेलो असतो.

पायथन वापरणाऱ्यांनी इथे जरा थांबा, कारण हे नंतर दुरुस्त करणं जिकिरीचं आहे. २२.०४ मध्ये पायथन ३.१० आहे, २४.०४ मध्ये ३.१२. तुमच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटच्या, म्हणजे प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या पायथन फोल्डरच्या, आत बघा: बिन फोल्डरमधला पायथन म्हणजे नुसती लिंक असते, सिस्टिमच्या पायथनकडे बोट दाखवणारी. लायब्ररी मात्र 'पायथन ३.१०' नावाच्या फोल्डरमध्ये असतात. अपग्रेड झालं की लिंक ३.१२ कडे जाते, पायथन ३.१२ च्या फोल्डरमध्ये लायब्ररी शोधतो, आणि तिथे काहीच नसतं. पिपसुद्धा त्याच फोल्डरमध्ये होता, त्यामुळे काय काय टाकलं होतं ते विचारायचीही सोय उरत नाही. म्हणून आजच, प्रत्येक एन्व्हायर्नमेंटमध्ये 'पिप फ्रीझ' करून यादी फाइलमध्ये ठेवा. नंतर एन्व्हायर्नमेंट नव्याने बनवायची. कुणी सिस्टिमचा 'पायथन ३' दुसऱ्या आवृत्तीकडे वळवला असेल, तर तो आधी जागेवर आणा. अपग्रेडर स्वतः पायथनमध्येच लिहिलेला आहे.

ग्नोम एक्स्टेन्शन्स सरळ बंद करा. आपण ग्नोम ४२ वरून ४६ वर जातोय, आणि ४५ मध्ये एक्स्टेन्शन लिहिण्याची पद्धतच बदलली. जुनी चालणार नाहीत, नव्या आवृत्त्या घ्याव्या लागतील.

[स्क्रीनवर: अपग्रेड सुरू]

लॅपटॉप चार्जरला लावा आणि 'सुडो डू-रिलीज-अपग्रेड'. मध्येच कॉन्फिग फाइलबद्दल प्रश्न येतो: तुमची ठेवू की नवी घेऊ? डोळे झाकून एंटर मारू नका. 'डी' दाबा, फरक दिसतो. ती फाइल तुम्ही स्वतः बदलली असेल तर 'एन'. नवी फाइल शेजारी 'डॉट डीपीकेजी-डिस्ट' नावाने राहते. कधी हातच लावला नसेल तर 'वाय'. शेवटी कालबाह्य पॅकेजं काढू का, असं विचारतो. यादी वाचल्याशिवाय हो म्हणू नका.

मध्येच टर्मिनल बंद पडलं तर पॉवर बटणाकडे जाऊ नका. अपग्रेड मागे 'स्क्रीन' सेशनमध्ये चालू असतं. कंट्रोल-आल्ट-एफ३, लॉगिन, आणि तीच कमांड पुन्हा; चालू सेशनला परत जोडलं जातं. वीजच गेली असेल, तर 'सुडो डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए', आणि त्यामागून 'सुडो एपीटी डॅश डॅश फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'.

[कॅमेऱ्यासमोर]

आता ती काळी स्क्रीन. एनव्हिडिया कार्ड असेल, तर बहुधा नव्या कर्नेलसाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल तयारच झालेलं नसतं, किंवा सिक्युअर बूटने, म्हणजे ओळखीची सही नसलेलं काही चालू न देणाऱ्या सुरक्षेने, ते अडवलेलं असतं. कंट्रोल-आल्ट-एफ३ ने लॉगिन करा, 'डीकेएमएस स्टेटस' (मॉड्यूल तयार झालंय का) आणि 'एमओके-युटिल डॅश डॅश एसबी-स्टेट' (सिक्युअर बूट चालू आहे का) बघा, मग 'सुडो उबंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल'. ड्रायव्हर टाकताना पासवर्ड ठरवायला सांगितलं, तर रीस्टार्टनंतर निळी स्क्रीन येते. तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत 'कंटिन्यू बूट' दाबलं की मॉड्यूलची सही ओळखण्याची किल्ली (हीच एमओके) नोंदवली जात नाही आणि कर्नेल मॉड्यूल घेत नाही. कंपनीच्या साइटवरची 'डॉट रन' फाइल वापरून ड्रायव्हर टाकला असेल, तर अपग्रेडआधीच तो काढून उबंटूचा घ्या; उबंटूची तयार मॉड्यूल सही केलेली असतात, हा खटाटोपच वाचतो.

ॲपइमेज उघडत नाहीत? २४.०४ मध्ये त्यांना लागणारं पॅकेज आहे 'लिबफ्यूज२टी६४'. नुसतं 'फ्यूज' टाकू नका, त्यापायी डेस्कटॉपची पॅकेजं निघून जाऊ शकतात. तरीही सँडबॉक्सची एरर आली, तर कारण वेगळं आहे: साध्या प्रोग्रॅमने यूजर नेमस्पेस, म्हणजे स्वतःला वेगळं ठेवायचा कप्पा, बनवण्यावर २४.०४ मध्ये ॲपआर्मर या सुरक्षा यंत्रणेने बंधन घातलंय. ते बंधन पूर्ण सिस्टिमसाठी उठवणारी सेटिंग तुम्हाला सापडेल. ती लावू नका, त्या एका ॲपपुरतं ॲपआर्मर प्रोफाइल लिहा.

राहिले बंद झालेले पीपीए. एकदम सगळे चालू करू नका. एकेक उघडा, त्यात 'नोबल' (२४.०४ चं सांकेतिक नाव) साठी पॅकेजं आहेत का ते बघा, असतील तरच सुरू करून 'एपीटी अपडेट' चालवा. आणि काही बिघडलंच, तर 'स्लॅश व्हार स्लॅश लॉग स्लॅश डिस्ट-अपग्रेड' मधली 'मेन डॉट लॉग' आधी वाचा. मदत मागताना तिच्या शेवटच्या पन्नास ओळी द्या, स्क्रीनचा फोटो नको.