बडोद्यातून कुत्र्याला घेऊन दिवसभर बाहेर जायचंय? आधी पाण्याचं ऐका

नमस्कार मंडळी! थंडी पडायला लागली की मला एकच मेसेज दहा जणांकडून येतो, ताई रविवारी कुत्र्याला घेऊन कुठे जाऊ, आणि आपले बडोद्याचे लोक स्वतःच उत्तरही देऊन टाकतात, सिंधरोटला, मही नदीवर. जा ना, नक्की जा, पण आधी आमच्या बुंदीची गोष्ट ऐका. (बुंदी, इकडे ये गं, बस. हां.)

तीन वर्षांपूर्वीची डिसेंबरची सकाळ, आम्ही महीकाठी पोचलो, ऊन कोवळं, पाणी एकदम शांत, आणि मी पट्टा सोडला. बुंदी सरळ पाण्याकडे गेली, पुढचे दोन पाय चिखलात आणि तोंड खाली, लपक लपक पाणी पितेय, आणि पलीकडून जाळं आवरणारे एक काका जोरात ओरडले, "बेन, मगर छे, कूतराने पाछो बोलावो!" मी हाक मारली, ती वळली, धावत आली, आणि मग काकांनी बोट केलं तिकडे मला दिसलं, पाण्यावर दोन गाठी, जराही हलत नव्हत्या, बुंदीपासून फार तर आठ-दहा हात. ते डोळे होते. मी तिला उचलून गाडीपर्यंत आणलं, वीस किलोचं कुत्रं, आणि मला वजन जाणवलंच नाही.

तर माझा पक्का नियम, आपल्या भागात गोड्या पाण्यात कुत्रा उतरवायचा नाही. विश्वामित्री नदीत मगरी आहेत हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात तर त्या सोसायट्यांमध्ये फिरत होत्या, पण आजव्याच्या तलावात आहेत, महीत आहेत, हे सहलीला निघालं की आपण विसरतो. मगर काठाजवळच्या उथळ पाण्यात दबून राहते, फक्त डोळे आणि नाकपुड्या वर, आणि वाकून पाणी पिणारा प्राणी तिला नेमका टप्प्यात मिळतो. थंडीत तर ती काठावर ऊन खात पडलेली असते, म्हणजे आपला सहलीचा सीझन आणि तिचा काठावर यायचा सीझन एकच. काठापासून वीस पावलं लांब, पट्टा हातात, आणि प्यायचं पाणी घरून. आम्ही आता महीकाठी जातो ते वरच्या कोतरांच्या, म्हणजे घळींच्या, बाजूला, मोकळी पायवाट असते, वास घ्यायला भरपूर, आणि खरं सांगू का, कुत्र्याला पोहण्यापेक्षा अर्धा तास नाक लावून फिरणंच जास्त आवडतं.

आता शेतं. पादरा, डभोई, सावली, कुठेही जा, शेतमालकाला विचारून बांधावरून फिरवा, कोणी नाही म्हणत नाही. पण एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे, एरंड. आपल्याकडे दिवेल्याची, म्हणजे एरंडाचीच, शेती खूप, त्याच्या बीमध्ये रायसिन नावाचं विष असतं, आणि तेल काढल्यावर जी पेंड उरते ती खत म्हणून टाकतात, तिचा वास कुत्र्याला खाऊसारखा वाटतो, उकरून खातात बिचारे. उलटी, रक्ताचे जुलाब हे सगळं काही तासांनी सुरू होतं, तोपर्यंत तुम्ही घरी येऊन झोपलेले असता. तेव्हा तोंडात काही घेतलेलं दिसलं तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा आणि "एरंडाची पेंड खाल्ली असेल" हे शब्द सांगा, त्यांचा वेळ वाचतो. कपाशीवर नुकती फवारणी झाली असेल तर त्या बांधाला जाऊच नका.

जांबुघोडा आणि वढवाणा, या दोन ठिकाणी कुत्रा नको. जांबुघोडा अभयारण्य आहे, अस्वलं आणि बिबटे आहेत, आणि धोका दोन्ही बाजूंनी असतो, 2018 मध्ये गीरमध्ये वीसपेक्षा जास्त सिंह गेले तेव्हा त्यांच्यात कॅनाइन डिस्टेंपरचा व्हायरस सापडला होता, तोच जो आपल्या कुत्र्यांना होतो. लस वेळेवर द्या, फक्त आपल्यासाठी नाही. आणि वढवाणा तलाव 2021 पासून रामसर साइट, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा आहे, पार हिमालयापलीकडून दमून आलेले पक्षी तिथे बसतात, एक कुत्रा भुंकला की अख्खा थवा उठतो.

समुद्राचं काय? जवळचा म्हणजे कावी-कंबोई, पण तो कुत्र्याला पळवायचा किनारा नाहीच. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्याही वर जातो, स्तंभेश्वराचं देऊळ दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं ते उगीच नाही. ओहोटीला समोर मैलभर मोकळं दिसतं पण तो गाळ आहे, पाय रुततात, आणि पाणी समोरून नाही तर बाजूच्या चरांतून भरतं, मागचा रस्ता कधी बंद झाला कळत नाही. देवळाला जा, कुत्र्याला घरी ठेवा.

कुत्र्याला घेऊन समुद्र बघायचाच असेल तर वलसाडजवळचा तिथल नावाचा किनारा, लांब आहे, पहाटे चारला निघावं लागतं, पण वाळू घट्ट आणि पळायला जागा भरपूर. फक्त ती वाळू काळी आहे, काळी वाळू लवकर तापते. हाताची मागची बाजू टेकवा आणि सात आकडे मोजा, तुम्हाला सहन झालं नाही तर त्याच्या पंज्यालाही नाही होणार. समुद्राचं पाणी पिऊ देऊ नका, उलट्या होतात, दर वीस मिनिटांनी साधं पाणी पुढे करा. पग किंवा चपट्या नाकाचा कुत्रा असेल तर नऊच्या आत सावलीत, त्यांना धापा टाकून अंग गार करणं जमतच नाही नीट. हिरड्या लालभडक, लाळ चिकट, चाल लटपटती दिसली तर आधी अंगावर पाणी ओता, वारा घाला, आणि मग गाडी काढा.

येताना सेव उसळ खायला थांबालच, आपण बडोदेकर आहोत. तेव्हा रश्श्यात बुडवलेला पाव त्याला देऊ नका, कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. बुंदीसाठी मी उकडलेलं अंडं आणि भात डब्यात नेते, त्यातच ती खूश असते.

आणि घरी पोचल्यावर आंघोळीच्या आधी गोचीड बघा, असं, (बुंदी, पंजा दे) बोटांच्या मधे, कानाच्या आत, शेपटीखाली. हा बघा, कालच्या फेरीतला एक इथे अजून आहेच. चिमट्याने कातडीला अगदी लागून धरायचा आणि सरळ वर ओढायचा, पिळायचा नाही... निघाला. शाब्बास गं बुंदी.