गाड्या मोजून मागणी कळत नाही

(ठाण्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन, बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय.)

मंडळी, रविवारची संध्याकाळ सोडून तुम्ही ट्रॅफिकवरचं भाषण ऐकायला आलात म्हणजे बरेचजण घोडबंदर रोडलाच राहात असणार. तर तिथूनच सुरू करू. सकाळी नऊ ते दहा कापूरबावडीच्या चौकातून किती गाड्या जातात? सोपं आहे, चार पोरं उभी करा नाहीतर कॅमेरा लावा, आकडा येतो. आता दुसरा प्रश्न, त्याच तासात तिथून किती लोकांना जायचंय? हे काही कॅमेऱ्यात दिसत नाही, आणि आपल्याकडे उड्डाणपूल हवा की नको यावरचे बरेचसे वाद या दोन प्रश्नांची गल्लत करूनच चालतात.

स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीवर तासाला किती वडे विकले गेले हे मोजलंत तर तुम्हाला त्याचा घाणा केवढा ते कळतं, गर्दी बघून जे तसेच लोकल पकडायला गेले ते हिशोबात येतच नाहीत. चौकाचंही तेच. जाममध्ये मोजणी केली की आकडा येतो तो चौकाच्या क्षमतेचा, तोही घसरलेल्या. १९३० च्या दशकात अमेरिकेत ब्रूस ग्रीनशील्ड्सनं रस्त्याकडेला कॅमेरा लावून गाड्यांची दाटी आणि वेग यांचं नातं मांडलं, आणि त्यातून निघतं ते असं की दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की तासाला पार होणाऱ्या गाड्या उलट कमी होतात. म्हणजे अगदी पहाटे आणि ऐन गर्दीत कागदावर जवळपास सारखाच आकडा येऊ शकतो, एकदा रस्ता रिकामा म्हणून आणि एकदा तुंबलाय म्हणून, आणि नुसता तक्ता बघणाऱ्याला फरक कळणार नाही.

त्यात पीसीयू, म्हणजे पॅसेंजर कार युनिट, नावाची एक भानगड आहे. सगळ्या वाहनांना कारच्या मापात बसवायचं. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या शहरी रस्त्यांच्या नियमावलीत कार म्हणजे १, आणि बसचं प्रमाण दहा टक्क्यांपुढे गेलं तर एक बस ३.७. रस्त्यावरची जागा मोजायला ठीक आहे हो, पण मग टीएमटीची, म्हणजे ठाणे पालिकेची, भरलेली बस तक्त्यात पावणेचार गाड्यांएवढी गुन्हेगार दिसते आणि एकटा माणूस बसलेली एसयूव्ही एकच. आतली पन्नास-साठ डोकी कुठल्याच रकान्यात नाहीत. मला हे कायम खटकत आलंय.

तर मागणी शोधायला लोकांच्या घरी जावं लागतं. काल घरातलं कोण, कुठून कुठे, कशासाठी, किती वाजता, कशानं गेलं हे विचारायचं. महामुंबईचं नियोजन करणाऱ्या एमएमआरडीएनं २००८ मध्ये पूर्ण झालेल्या सर्वंकष वाहतूक अभ्यासासाठी महामुंबईतल्या सुमारे ६६ हजार कुटुंबांना असं विचारलं होतं. त्यात निम्म्याहून जास्त फेऱ्या चक्क पायी निघाल्या! चौकात गाड्या मोजणाऱ्याला हे कधी दिसलं असतं?

हा डेटा घेऊन जे गणित करतात त्याला चार पायऱ्यांचं मॉडेल म्हणतात, १९५० च्या दशकात डेट्रॉइट आणि शिकागोच्या अभ्यासांतून ते आकाराला आलं, आणि कितीही शिव्या घातल्या तरी जगभर अजून तेच चालतं. शहराचे झोन पाडायचे, प्रत्येक झोनमधून किती फेऱ्या निघतील आणि किती येतील ते काढायचं. ही पहिली पायरी, त्यातल्या त्यात सोपी. दुसरी, कुठली फेरी कुठे जाईल, तर तिथे न्यूटनचं गुरुत्वाकर्षण उसनं घेतलंय, जिथे नोकऱ्या जास्त तो झोन जास्त ओढतो आणि लांब असेल तर ओढ कमी होते.

आता गंमत अशी की हे सगळं 'वीस वर्षांनी कुठे किती लोक राहतील आणि कुठे किती नोकऱ्या असतील' या आकड्यावर उभं असतं, आणि तो आकडा ट्रॅफिकवाल्याचा नसतोच, तो त्याला दिला जातो. पलीकडे नवी मुंबई बघा ना. १९६० च्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, १९७० मध्ये ते शहर वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ आलं, आणि अपेक्षा अशी होती की सरकारी कचेऱ्या पलीकडे जातील, नोकऱ्या तिकडे होतील, मग रोज खाडी ओलांडायची गरजच कमी होईल. मंत्रालय काही हललं नाही. लोक मात्र राहायला गेले, कारण घर परवडत होतं. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ चा आणि मानखुर्दवरून वाशीला लोकल पोचली १९९२ मध्ये, तीही सिडकोनं खर्चाचा ६७ टक्के वाटा उचलल्यावर. मधली जवळजवळ वीस वर्षं बसच्या रांगेत गेली.

आणि उलटी बाजूही आहे. ठाणे-बेलापूर रोडला केमिकल कंपन्या होत्या, तीन पाळ्या, कंपनीची बस दारात. त्यातल्या बऱ्याच जागांवर ऐरोली-घणसोलीला आयटी पार्क आले. जागा तीच, जमीन कशासाठी वापरायची त्या नकाशात रंगही साधारण तोच, पण आता मुलुंड, ठाणे, डोंबिवलीची पोरं एकाच वेळी तिकडे निघतात. संध्याकाळी ऐरोलीचं स्टेशन नाहीतर सकाळी ठाण्याचे नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्म बघा, ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी ट्रान्सहार्बर लोकल २००४ मध्ये सुरू झाली नसती तर यातले किती रस्त्यावर आले असते.

तिसरी पायरी, माणूस कशानं जाईल. इथे डॅनियल मॅकफॅडन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाचं नाव घ्यायलाच पाहिजे. सॅन फ्रान्सिस्कोला बार्ट रेल्वे १९७२ मध्ये सुरू झाली, अधिकृत अंदाज होता की १५ टक्के लोक वापरतील, मॅकफॅडनच्या टीमनं वेळ, भाडं, चालणं, थांबणं या सगळ्याला लोक किती महत्त्व देतात ते मोजून ६.३ टक्के सांगितलं, प्रत्यक्षात निघाले ६.२. पुढे २००० मध्ये नोबेल मिळालं ते याच निवडीच्या सिद्धांतासाठी. त्यातली कामाची गोष्ट ही की गाडीत बसलेल्या दहा मिनिटांपेक्षा स्टॉपवर थांबलेली दहा मिनिटं माणसाला जास्त जड जातात. त्यामुळे शेअर रिक्षाची लाईन लांबली की बाईक घेणारा माणूस वेडा नाही, त्याचा हिशोब चोख आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या वेशीवरच्या पाचही टोलनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, ऐरोली आणि आनंदनगर धरून, तेव्हा हाच हिशोब कारच्या बाजूनं सरकला.

चौथी पायरी म्हणजे रस्ता कुठला धरतील. वॉर्ड्रॉप या ब्रिटिश वाहतूक अभ्यासकानं १९५२ मध्ये सांगितलं की प्रत्येकजण स्वतःचा वेळ वाचवत राहतो आणि शेवटी वापरातल्या सगळ्या रस्त्यांना सारखाच वेळ लागतो. गुगल मॅप आता तेच करून घेतो, सोसायट्यांमधल्या गल्ल्यांतून. किती वेळ लागेल यासाठी अमेरिकेतलं १९६४ चं एक सूत्र वापरतात, त्यात रस्ता क्षमतेइतका भरला की रिकाम्यापेक्षा १५ टक्के वेळ जास्त, दीडपट भरला की साधारण ७६ टक्के, दुप्पट भरला की २४० टक्के. पण दीडपट भरतो म्हणजे काय? क्षमतेच्या दीडपट गाड्या तिथून जाऊच शकत नाहीत, त्या मागे तीन हात नाक्यापर्यंत उभ्या राहतात. अहवालात १.५ छापलेलं दिसलं की समजा, ही पार होणाऱ्या गाड्यांची संख्या नाही, ही जायची इच्छा आहे.

मॉडेल खरं बोलतंय का हे तपासायला आपल्याकडे एक फार सोयीची गोष्ट आहे, खाडी. मोजकेच पूल, कळवा, ऐरोली, वाशी, आणि जानेवारी २०२४ पासून अटल सेतू. वर रेल्वेचे पूल. एवढ्यावर मोजणी केली की मॉडेलनं सांगितलेली आरपार वाहतूक पडताळता येते, अशी नैसर्गिक रेघ मिळायला नशीब लागतं.

तरीही अंदाज चुकतात. फ्लिव्बियर्ग हे डॅनिश संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये १४ देशांतले २१० प्रकल्प तपासले, रेल्वेच्या दहातल्या नऊ प्रकल्पांत प्रवासी फुगवलेले होते, आणि रस्त्यांच्या निम्म्या प्रकल्पांत फरक २० टक्क्यांहून जास्त. रेल्वेच्या चुका एकाच बाजूला झुकलेल्या, त्याला मी तरी गणिताची चूक म्हणणार नाही.

मागून प्रश्न आलाय, ठाणे-बोरिवली बोगद्यानं घोडबंदरची सुटका होईल का. आज बोरिवलीला जायला घोडबंदरवरून वळसा घालणारे बोगद्यात जातील, तेवढी जागा मोकळी होईल. उरणकडून गुजरातला जाणाऱ्या ट्रकला बोरिवलीत शिरायचं कारण नाही, तो घोडबंदरच्या पलीकडच्या टोकाला, फाउंटन हॉटेलच्या नाक्यावरूनच जाईल. आणि मोकळी झालेली जागा बघून आज घरी बसणारे, ट्रेननं जाणारे, सातलाच निघून जाणारे यातले काही परत नऊला रस्त्यावर येतील, किती ते सांगायला घरोघरचा सर्व्हेच लागेल. तुम्ही स्वतः एक करू शकता, बोगद्याचं ठाण्याकडचं तोंड जिथे आहे त्या टिकुजिनीवाडी-मानपाड्याच्या आतल्या रस्त्यांची मोजणी बोगदा सुरू व्हायच्या आधीच करून ठेवा, शाळा चालू असताना, मंगळवार-बुधवार बघून, आणि रांग कुठपर्यंत जाते तेही लिहा, पायी चालणारेही मोजा. कारण उद्या तक्रार घेऊन गेलात की पहिला प्रश्न हाच येतो, आधी किती होतं?