नेमणूकपत्रातली टिकणारी कलमं

उद्योजक मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या नेमणूकपत्रात एक कलम हमखास असतं: ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षं कर्मचारी कोणत्याही स्पर्धक कंपनीत काम करणार नाही.’ मालकाला सर्वांत जास्त भरवसा याच कलमाचा वाटतो, आणि आपल्याकडच्या कोर्टात नेमकं तेच टिकत नाही.

१८७२च्या करार कायद्याचं २७वं कलम सांगतं, की कुणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द. नावलौकिकासकट धंदा विकला तर अपवाद आहे, नोकरीला नाही. श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानचा खटला आठवा. एका कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार होता. मुदत संपल्यावर दुसऱ्या कुणाचा प्रस्ताव आला तर तो आधी आम्हाला दाखवायचा, आम्ही तेवढंच देऊ केलं तर करार आमच्याशीच करायचा, अशी त्यात अट होती. मुदतीनंतर ही अट लागू करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये सांगितलं.

मग मालकाच्या हाती काय उरतं? बरंच उरतं. १९६७चा गोलिकारी खटला आपल्या कल्याणचा. तिथल्या कारखान्यानं टायरसाठी लागणाऱ्या धाग्याचं तंत्र परदेशी कंपन्यांकडून घेतलं होतं, गुप्तता पाळण्याची हमी देऊन. शिफ्ट सुपरवायझर गोलिकारीला प्रशिक्षण दिलं, पाच वर्षांचा करार केला. तो मध्येच सोडून राजस्थानातल्या कोटा शहरातल्या कारखान्यात गेला. सर्वोच्च न्यायालयानं त्याच्याविरुद्धचा मनाई हुकूम कायम ठेवला. का? बंधन कराराच्या मुदतीपुरतंच होतं, त्याच प्रकारच्या कामापुरतं होतं, आणि जपण्यासारखं काहीतरी खरोखर होतं. त्याला जुन्या नोकरीवर परत ये, असं मात्र कुणी सांगितलं नाही. ते कोर्ट सांगतच नाही. माझ्या मते करारनामा लिहिताना हा एक निकाल समोर ठेवला तरी पुष्कळ काम होतं.

गोपनीयतेचं कलम नोकरी संपल्यावरही चालू ठेवता येतं. पण ‘कंपनीची सर्व माहिती गुप्त’ असं लिहून भागत नाही. कोणती ड्रॉइंग्ज, कोणत्या मिश्रणाचं प्रमाण, कोणत्या ग्राहकाला कोणता दर, हे नावानिशी लिहा. आणि तसं वागा. डायची, म्हणजे साच्याची, ड्रॉइंग्ज व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फिरत असतील, तर ती गुप्त होती हे न्यायाधीशांना कसं पटवणार? कामगाराच्या हातात मुरलेलं कसब मात्र त्याचंच. ते अडवायचा प्रयत्न करू नका. तो अन्यायही आहे आणि व्यर्थही.

आता बाँड. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. पण ती सरकारी बँक होती, पुन्हा जाहिरात देऊन रीतसर भरती करण्याचा खर्च तिच्यासमोर होता. तुम्ही दहा लाखांचा आकडा टाकलात म्हणून दहा लाख मिळणार नाहीत. करार कायद्याचं ७४वं कलम वाजवी भरपाई देतं, लिहिलेला आकडा ही फक्त कमाल मर्यादा. म्हणून प्रशिक्षणाची बिलं, प्रवासखर्च, कोर्सची फी यांची फाइल ठेवा, आणि जितके महिने नोकरी झाली तितकी रक्कम उतरत जाईल असं लिहा. नोकरीला लागलेल्या मुलांच्या मूळ गुणपत्रिका कपाटात कोंडून ठेवणं हा बाँड नव्हे. ते आजच बंद करा.

एक कलम बहुतेक जण विसरतात. नोकरीचा भाग म्हणून कर्मचाऱ्यानं केलेल्या ड्रॉइंगचा किंवा सॉफ्टवेअरचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, १९५७च्या कायद्यानं मालकाकडे येतो. पेटंटच्या कायद्यात अशी आपोआप सोय नाही. टूलरूममधल्या इंजिनिअरनं नवी यंत्रणा शोधली, तर तिचे हक्क कंपनीकडे येतील हे लिहून घ्यावं लागतं. हे कलम नेमणुकीच्या दिवशीच घ्या. शोध लागल्यावर सही मागायला गेलात, तर त्या सहीची किंमत तो ठरवेल.