कड्यातलं लोखंड

(पहाट. उत्तरेकडून तिन्ही सुळके.)

त्रे चीमे दी लावारेदो. जर्मन बोलणारे यांनाच ड्राय त्सिनेन म्हणतात. इटलीतल्या डोलोमाइट्समधले हे तीन सुळके. मधला चीमा ग्रांदे, २,९९९ मीटर. तीन हजार एका मीटरनं हुकले.

त्याची ही उत्तर भिंत. खालचा भाग नीट बघा. नुसता उभा नाही, बाहेर झुकलाय. वरून सुटलेला दगड भिंतीला न शिवता थेट घसाऱ्यात येतो. माथा १८६९ मध्येच गाठला गेला होता, पण दक्षिणेच्या सोप्या बाजूनं. ही बाजू मात्र कुणाला दाद देत नव्हती. १९३३ च्या ऑगस्टमध्ये एमिलिओ कोमीची आणि दिमाई बंधू मेखा ठोकत ठोकत वर गेले.

(गंजलेली मेख, अगदी जवळून.)

ही कुणाची, कोण जाणे. डोकं हातोड्यानं चेपलंय, नेढ्यात दोरीचा कुजका तुकडा अडकलाय. मेख आधी हातानं चिरेत सारायची, मग घाव घालायचे. प्रत्येक घावाला आवाज चढत गेला की मेख बसली. बद्द वाजली की काढायची, दुसरी चीर शोधायची. हे सगळं एका हातानं. दुसऱ्या हातावर आपण लटकलेले. सह्याद्रीत सुळक्यांवर ज्यांनी हातोडा चालवलाय, त्यांचे खांदे हे बघूनच दुखतील.

चार वर्षांनी कोमीची याच वाटेनं एकटा आला आणि चार तासांच्या आत वर पोचला.

१९५८ मध्ये चार जर्मन तरुणांनी शेजारून सरळसोट वाट काढली. सुमारे १८० मेखा! धाडस खरंच, पण आम्हाला त्यात सुतारकाम जास्त दिसतं. २००२ मध्ये त्याच वाटेनं अलेक्झांडर ह्युबर चढला. एकटा, दोराशिवाय.

(शेजारच्या पाटर्नकोफेल डोंगरातला बोगदा. हेल्मेटच्या दिव्याचा उजेड.)

हे लोखंड मात्र युद्धाचं. १९१५ ते १९१७ इथे इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी समोरासमोर होते. हा बोगदा इटालियन सैनिकांनी डोंगराच्या पोटात खोदला. आज त्याच वाटेवर पोलादी तारेला स्लिंग, म्हणजे सुरक्षेचा पट्टा, अडकवत हौशी मंडळी जातात.

(औरोन्झो, सुळक्यांखालचं विश्रामगृह. गाड्यांची रांग.)

२,३२० मीटरपर्यंत डांबरी टोलरस्ता आहे. तिथून सुळक्यांची प्रदक्षिणा साधारण दहा किलोमीटर. गर्दी इतकी, की गाडी न्यायला आता आधी ऑनलाइन बुकिंग लागतं.

(संध्याकाळ. खडक गुलाबी होत जातो.)

इथले लोक याला एनरोसादिरा म्हणतात.

(पुढे चाळीस सेकंद निवेदन नाही. फक्त वारा.)