मामांची मोटर

श्रोतेहो, नमस्कार. ‘जगायचं कशासाठी?’ हा प्रश्न पडायला तत्त्वज्ञानाचा वर्ग लागत नाही. पहाटे चारला जाग आली, पंख्याकडे बघत पडलं, की तो पडतो.

आमच्या मामांना तो पर्वतीवर पडला. राहतात सहकारनगरला. बँकेतून निवृत्त झाले, निरोप समारंभात भिंतीवरचं घड्याळ मिळालं. (ज्याला आता कुठंच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ का देतात? छत्री द्यावी, निदान पुण्यात हरवता तरी येते.) रोज पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायचे. एक दिवस मध्येच बसले. चढतोय, उतरतोय, पुढे काय? घरी येऊन मामीला म्हणाले, “उद्या मी उठलोच नाही, तर कोणाचं काय अडेल?”

मामी गवार मोडत होती. म्हणाली, “अहो, दूध कोण आणेल?”

मामा दोन दिवस बोलले नाहीत.

तेवढ्यात सोसायटीचा वॉचमन पेरणीला गावी गेला. पाणी येतं पहाटे पाचला. मोटर लावायची, वरची टाकी भरली की बंद करायची. ‘काका, तुम्ही जागेच असता’, म्हणत सेक्रेटरीनं किल्ली दिली. पहिल्या दिवशी टाकी भरून वाहिली. दुसऱ्या दिवशी मामा विसरले. साडेसातला बेल वाजली, दारात तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा, डोक्याला साबण, कमरेला पंचा. “काका, पाणी!” मामा ओशाळले. पण मामी सांगते, चेहरा असा उजळला होता की लग्नातसुद्धा नव्हता. तेव्हापासून वही आहे: पाणी किती वाजता आलं, जोर किती, मोटर किती मिनिटं.

व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रांकल नाझी छळछावण्यांतून १९४५ साली सुटले. ते म्हणायचे, आयुष्याचा अर्थ काय हे आपण विचारायचं नाही. आयुष्यच आपल्याला विचारत असतं. उत्तर द्यायचं कामातून, कुणावरच्या प्रेमातून, आणि टळतच नसेल तर दुःख कसं सोसतो त्यातून. पुन्हा सांगतो: विचारणारे आपण नाही. आपल्याला विचारलं जातंय. कधी साबण लावलेल्या डोक्यानं.

मात्र झोप, भूक आठवडेच्या आठवडे गेली असेल, मरणाचे विचार येत असतील, तर किल्ली शोधत बसू नका, डॉक्टर गाठा. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, तिचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, फुकट. एक-चार-चार-एक-सहा. लिहून घेतलात?

तर, वॉचमन महिन्यानं परतला. मामांनी किल्ली दिली नाही. परवाच्या सभेत कुणीतरी टाकीला ऑटोमॅटिक सेन्सर बसवायचा ठराव आणला. (सेन्सर हे एक थोतांड आहे, आमच्या इमारतीतला दर पावसाळ्यात बंद पडतो.) मामा वही घेऊन उभे राहिले आणि वीस मिनिटं विरोधात बोलले. ठराव पडला. टाकी अजून अधूनमधून वाहते.